चार हजारांचं पुस्तक, पाच जणांचा खेळ



आठवी-नववीतलं लेकरू एके दिवशी मोबाइल पुढं करतं आणि म्हणतं, बाबा, मला हे पुस्तक पाहिजे. पुस्तक इंग्रजी, जाडजूड, मुखपृष्ठावर ड्रॅगन. बाबा किंमत बघतात. चार हजारांच्या वर. अभ्यासाचं आहे का? नाही. स्पर्धा परीक्षेचं? तेही नाही. खेळाचं आहे. बहुतेक घरांत बोलणं इथंच संपतं आणि अबोला सुरू होतो.

परभणीत, सेलूत, जिंतुरात अशी घरं आता दिसू लागली आहेत. पालक भेटले की विचारतात, हे काय नवीन खूळ, आणि एका खेळाला चार हजार कोण देतं? प्रश्न अगदी रास्त आहे. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, आणि मोंढ्यात शेतकऱ्याच्या हातात पडले ते बहुधा त्याहून कमीच. म्हणजे त्या एका पुस्तकामागं जवळपास क्विंटलभर सोयाबीन उभं आहे. पेरणीपासून मळणीपर्यंतचे चार महिने ज्यानं काढले, त्या बापाला राग येणारच. पण लेकरू मागतंय तेही वेडंवाकडं काही मागत नाही, असं माझं मत आहे. म्हणून आज जरा निवांत बसून या खेळाच्या पैशाबद्दल बोलू या. खेळ न समजताच किंमत ठरवली, तर दोन्हीकडून चूक होते. कधी लेकराचं मन मोडतं, कधी पैसे वाया जातात.

आधी खेळ कोणता ते सांगते. यात पट नसतो, सोंगट्या नसतात, हार-जीतही नसते. पाच लेकरं गोल करून बसतात. त्यांतलं एक जण खेळ चालवतं, बाकीची चौघं एकेक पात्र घेतात. कुणी वैदू, कुणी पहिलवान, कुणी वाटाड्या. रफ वहीच्या एका पानावर पात्राचं नाव, त्याला काय येतं, काय येत नाही आणि त्याच्या पिशवीत काय काय आहे, एवढं लिहायचं. मग चालवणारी मुलगी सांगते, गोदावरीला पूर आलाय. गंगाखेडच्या घाटाच्या पायऱ्या बुडाल्यात. पलीकडच्या काठाला एक आजी झाडाला धरून उभी आहे. काय करता?

एक जण म्हणतो, मी पोहत जातो. दुसरी म्हणते, थांब, माझ्या पिशवीत दोर आहे. लगेच तिची वही बघितली जाते. दोर लिहिलेला आहे, पण किती हात लांब ते लिहिलेलं नाही. त्यावर पाच मिनिटं वाद होतो. शेवटी ठरतं की फासा टाकायचा, चारच्या वर पडला तर दोर झाडाला अडकेल. दोन पडतं. दोर वाहून जातो. कोपऱ्यात इतका वेळ गप्प बसलेला मुलगा तेव्हा म्हणतो, माझा वैदू ओरडून आजीला विचारतो, आजी, तुमच्या पलीकडं गाव कोणतं? पोहून जाण्यापेक्षा त्या बाजूनं माणसं बोलवता येतील, हे बाकी कुणाला सुचलेलं नसतं. सगळे त्याच्याकडं बघतात. पुढचे दोन तास तो मुलगा गप्प राहत नाही.

एवढाच हा खेळ. गोष्ट सगळ्यांनी मिळून सांगायची, आणि जिथं पुढं काय होईल हे कुणालाच ठाऊक नाही तिथं फाशाला विचारायचं. या जातीचा पहिला छापील खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकी गृहस्थांनी तो रचला आणि १९७४ मध्ये बाजारात आणला. आपल्याकडच्या मुलांना तो कळला तो बहुतेक ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या २०१६ पासूनच्या मालिकेमुळं. त्यातली मुलं पहिल्याच भागात हा खेळ खेळताना दिसतात.

फासे म्हटलं की घरातली वडीलधारी माणसं दचकतात. द्यूताची कथा आपल्या रक्तात आहे, आणि रमीच्या जाहिरातींनी गेली काही वर्षं आपल्या गावागावांत काय केलं तेही सगळ्यांनी पाहिलंय. तो धसका मी हसण्यावारी नेणार नाही. पण या खेळात पणाला काहीच लागत नाही, एक रुपयासुद्धा नाही. फासा जुगारी होतो तो पैज लावली की. आपल्याच परंपरेत ज्ञानेश्वर माउलींच्या नावानं सांगितला जाणारा मोक्षपट आहे. कवड्या टाकत, सद्गुणांच्या शिड्या चढत आणि दुर्गुणांच्या सापांवरून घसरत माणूस वर कसा जातो, हे त्यात लेकरांना खेळता खेळता कळायचं. अमेरिकेतल्या पालकांनाही १९८० च्या दशकात डंजन्स अँड ड्रॅगन्सची मोठी भीती वाटली होती. यातून मुलं सैतानाच्या नादी लागतात असा बोभाटा झाला, १९८३ मध्ये खेळाविरुद्ध संघटना निघाली. तेव्हा टेबलाभोवती बसलेली मुलं आज पन्नाशी-साठीची आहेत आणि त्यांतली कित्येक जण आपल्या मुलांना तोच खेळ शिकवत आहेत.

आता पैशाकडं येऊ.

या खेळाला लोक किती देतात याचं एकच उत्तर मिळत नाही, आणि कारण खेळाच्या घडणीतच आहे. १९७४ ची पहिली पेटी १० डॉलरला होती. आत तीन पातळ पुस्तिका. लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावात पहिल्या हजार पेट्या हातांनी भरल्या गेल्या. आज त्याच खेळाची मुख्य तीन पुस्तकं आहेत, २०२४-२५ मध्ये नव्यानं निघालेली, प्रत्येकी ४९.९९ डॉलरची. खेळाडूंसाठीचं पुस्तकच ३८४ पानांचं, पानोपानी रंगीत चित्रं. तिन्ही घेतली तर आपले बारा-तेरा हजार रुपये होतात. ऐकून छाती दडपते. पण त्या आकड्यात एक गोष्ट लपलेली आहे आणि ती दुकानदार सांगत नाही. पाच जणांत पुस्तक एकच लागतं. घरात पाककृतींचं पुस्तक एक असलं तरी जेवतं सगळं घर, तसंच हे आहे. खेळ चालवणाऱ्यानं नियम वाचायचे, बाकीच्यांनी खेळता खेळता शिकायचे.

खेळ विकणाऱ्या कंपनीलाही हे चांगलं ठाऊक आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स आता हॅस्ब्रो या मोठ्या खेळणी-कंपनीच्या मालकीचा आहे. तिच्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट या शाखेच्या तेव्हाच्या प्रमुख सिंथिया विल्यम्स यांनी डिसेंबर २०२२ मध्ये गुंतवणूकदारांपुढं बोलताना सांगितलं होतं, की खेळणाऱ्यांत खेळ चालवणारे साधारण २० टक्के, पण पैसे खर्च करणाऱ्यांत सगळ्यात मोठा वाटा त्यांचाच. या खेळातून मिळायला हवा तेवढा पैसा अजून मिळत नाही, हेही त्यांनी तेव्हाच बोलून दाखवलं. पालकांनी हे नीट ध्यानात घ्यावं. तुमचं लेकरू खेळ चालवणारं असेल तर खर्च त्याच्याकडं येणार. ते नुसतं खेळणारं असेल तर त्याला वही-पेन्सिलपलीकडं फारसं काही लागत नाही. म्हणून पुस्तक मागणाऱ्या लेकराला पहिला प्रश्न हाच विचारा, की खेळ चालवणार कोण आहे?

दुसऱ्या टोकाला हौशी मंडळी किती देतात तेही बघा. २०२१ मध्ये ‘अवतार’ या कार्टून मालिकेवर बेतलेला ‘अवतार लेजंड्स’ नावाचा असाच एक खेळ निघायचा होता. पुस्तक छापलंही नव्हतं, लोकांनी आधीच पैसे भरले. ८१ हजारांहून अधिक जणांनी मिळून ९५ लाख डॉलर दिले. सरासरी काढली तर माणशी ११५ डॉलरच्या पुढं जाते. हातात अजून काही पडलेलं नसताना! लोक वेडे होते का? मला तसं वाटत नाही. आपल्याला आवडणारं काम करणारी माणसं टिकावीत म्हणून त्यांनी पैसे दिले, आणि देताना त्यांना आनंद झाला.

आपल्याकडंही हे घडलेलं आहे. सावंतवाडीचा गंजिफा आठवा. दशावतारी गंजिफ्याची १२० गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक पान चिताऱ्यानं हातानं रंगवलेलं. छापील पत्ते आले आणि ती कला मरायला टेकली. १९७० च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या पत्नी सत्वशीलादेवी यांनी तिला पुन्हा उभं केलं. राणीसाहेब स्वतः जुन्या कारागिराकडून शिकल्या. आजही सावंतवाडीच्या राजवाड्यात कारागीर गंजिफा रंगवतात, एका संचाला काही हजार रुपये पडतात, आणि तो घेणारी हौशी माणसं आहेत. पंधरा-वीस रुपयांचा पत्त्यांचा कॅट मिळत असताना ती हे पैसे देतात ते कारागिराच्या हातासाठी. लेकराला हे समजावून सांगा. एखाद्या खेळाचे नियम लिहिणं, तपासणं, चित्रं काढणं हे कुणाचं तरी पोटापाण्याचं काम आहे.

हे सांगण्याचं आणखी एक कारण आहे. लेकरू लवकरच तुमच्याकडं येऊन म्हणेल, पुस्तक विकत नको, टेलिग्रामवर फुकट पीडीएफ आहे. चार हजार वाचले म्हणून तुम्हालाही बरं वाटेल. कृपा करून तिथं हो म्हणू नका. चोरीचं पुस्तक घ्यायची या खेळात गरजच नाही, कारण त्याच खेळाचे मूळ नियम अधिकृतपणे, कायद्यानं, फुकट मिळतात.

ते फुकट कसे झाले, ती हकिकत सांगण्यासारखी आहे. २००० सालापासून या खेळाच्या नियमांचा गाभा खुल्या परवान्याखाली होता. कुणीही त्यावर आपला खेळ, आपली गोष्ट रचून विकावी. हजारो लहान लेखक त्यावर उभे राहिले. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीनं परवाना बदलायचा घाट घातला आणि नव्या परवान्याचा मसुदा बाहेर फुटला. जास्त कमावणाऱ्या लेखकांकडून उत्पन्नातला वाटा मागायचा, असं त्यात होतं. खेळणारी मंडळी खवळली. घोषणा-मोर्चांपेक्षा त्यांनी एक साधी गोष्ट केली, कंपनीच्या संकेतस्थळाची आपली मासिक वर्गणी बंद केली. महिना संपायच्या आत, २७ जानेवारीला, कंपनीनं माघार घेतली आणि चारशे पानांच्या आसपासचा नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सगळ्यांना देऊन टाकला. आता तो परत घेता येत नाही. २०२५ मध्ये नव्या आवृत्तीचे नियमही तसेच खुले झाले. ‘पाथफाइंडर’ नावाचा दुसरा मोठा खेळ आहे, त्याचेही नियम अधिकृतपणे फुकट वाचायला मिळतात. हौशी लोक असे लाखो डॉलर देतात, तसे वेळ आली की पैसे थांबवतातही. ग्राहक म्हणून लेकरांनी शिकावं असं यात बरंच आहे. कुठं द्यायचं ते जसं शिकायचं, तसं कुठं थांबवायचं तेही.

बरं, चारशे पानांचे इंग्रजी नियम मराठी माध्यमातलं आठवीचं लेकरू वाचणार कसं? एकदम नाहीच वाचणार. तिथून सुरुवातही करू नये. माझा आग्रह आहे की पहिली पायरी एका पानाची असावी. ग्रँट हॉविट नावाच्या इंग्रज लेखकाचा ‘हनी हाइस्ट’ हा खेळ बघा. अख्खा खेळ एका पानावर मावतो, आणि फुकट मिळतो. तुम्ही सगळे अस्वलं आहात आणि मध पळवायचा बेत करताय, एवढीच गोष्ट. प्रत्येक अस्वलाचे दोन आकडे, एक त्याच्या अस्वलपणाचा, एक त्याच्या चोरटेपणाचा, दोन्ही तीनपासून सुरू. काही करायचं झालं की सहा बाजूंचा फासा टाकायचा, आकड्याइतकं किंवा त्याहून कमी पडलं की जमलं. बेत फसला की अस्वलपणा वाढतो, साधला की चोरटेपणा. अस्वलपणा सहावर गेला की अस्वल बेभान होतं. कुणाच्या डोक्यावर कोणती टोपी आहे हेही त्या पानावर ठरतं. टोपी आपल्या मनानं निवडली तर लुडोतला एक फासा पुरतो. ‘चोरी’ शब्द खटकत असेल तर मुलं बेत बदलतात, अस्वलांऐवजी माकडं होतात, मधाऐवजी केळीचा घड येतो. एका संध्याकाळीच कळतं की आपल्या लेकराला आणि त्याच्या मित्रांना हे मनापासून आवडतंय की नुसतं मालिकेचं वेड होतं.

फाशांबद्दलही तेच. मोठ्या खेळात चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे फासे लागतात. सात फाशांचा प्लास्टिकचा संच ऑनलाइन काहीशे रुपयांत येतो. दिसायला इतका देखणा असतो की लेकरू एकावर थांबत नाही. हौशी लोकांच्या घरी फाशांच्या पिशव्याच्या पिशव्या असतात, धातूचे, दगडाचे. पण संच यायच्या आधी एक करून बघा. कागदाच्या सारख्या आकाराच्या वीस चिठ्ठ्या करा, एक ते वीस आकडे लिहा, घडी घालून स्टीलच्या पेल्यात टाका. काढली की पुन्हा आत टाकायची, हलवायची. वीस बाजूंचा फासा तयार. महिना-दोन महिने चिठ्ठ्यांवर खेळलेली मुलं फासे आले की ते जपून वापरतात. ज्यांना फासे आधी मिळाले त्यांचे पलंगाखाली सापडतात.

समजा, एका पानाचा खेळ झाला, खुले नियम घेऊन दोन-तीन महिने खेळही चालला, दर रविवारी ठरलेल्या वेळी तीच पाच डोकी जमतायत. आता पुस्तक हवंय. तर घ्या. साडेचार हजार धरले तरी पाच घरांत प्रत्येकी नऊशे. त्या पुस्तकावर मुलं दहावी होईपर्यंत खेळतील, आणि दहावी झाल्यावर धाकटी भावंडं. माझ्या हिशेबात तो पैसा सत्कारणी लागला. पण पाच घरांच्या पालकांनी एकदा चहाला जमा आणि पुस्तक कुणाच्या घरी राहील, फाटलं तर काय, हे आधी ठरवून घ्या. पैशावरून मुलांची मैत्री तुटण्याइतकं वाईट दुसरं काही नाही.

आणि नऊशेही यंदा नसतील तर? २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसानं काय केलं, ते परभणीकरांना मी सांगायला नको. ज्या घरात पीक हातचं गेलं, त्या घरात लेकराला सरळ सांगावं, की यंदा जमणार नाही. उगाच “बघू” म्हणून टोलवू नये, आणि “असले फालतू खेळ” म्हणून लेकराच्या आवडीचा अपमानही करू नये. पैसे नाहीत हे ऐकून लेकरं दुखावत नाहीत, आपली आवड फालतू ठरवली की दुखावतात. उधारी करून तर मुळीच आणू नका. एका पानाचा खेळ आणि वीस चिठ्ठ्या यांवर वर्ष निघतं, आणि तेवढ्यात गोष्टी सांगण्यात पुरेसं तरबेज झालेलं लेकरू स्वतःचाच खेळ रचू लागतं. तशी मुलं मी पाहिली आहेत.

काही गोष्टींना मात्र पैसे असले तरी देऊ नयेत असं मी ठामपणे सांगेन. मासिक वर्गणी मागणारी संकेतस्थळं लहान मुलांना लागत नाहीत. आपलं कार्ड किंवा यूपीआय कुठल्याही खेळाशी जोडून ठेवू नका. ऑनलाइन खेळ चालवून देणारी अनोळखी माणसं असतात, परदेशात माणशी एका बैठकीचे १५-२० डॉलर घेतात. मोठ्यांनी ते खुशाल करावं. तेरा-चौदा वर्षांच्या मुला-मुलीनं अनोळखी माणसाबरोबर बंद खोलीत, हेडफोन लावून खेळणं मला पसंत नाही. हा खेळ समोरासमोर बसून खेळण्याचा आहे. त्याची सगळी किंमत त्या बसण्यातच आहे.

तुलनाच करायची तर मोबाइलशी करा. फ्री फायर मॅक्समधले डायमंड, बीजीएमआयमधले यूसी घरोघरी विकत घेतले जातात. कुणी सांगून, कुणी न सांगता. पन्नास, ऐंशी, दीडशे असे सुटे सुटे जातात म्हणून डोळ्यांवर येत नाहीत. वर्षाचा हिशेब मांडला की काही घरांत तो त्या जाड पुस्तकाच्या पुढं निघतो, आणि हातात उरतं काय, तर बंदुकीचा वेगळा रंग. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन खेळांचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आणली, हे फार बरं झालं. पण डायमंड आणि यूसी हे त्या बंदीत बसत नाहीत. तिथं लक्ष आपल्यालाच ठेवायचं आहे. पुस्तकाची किंमत निदान एकदाच कळते आणि तोंडावर कळते.

एक गोष्ट मुलींबद्दल. आपल्याकडं संध्याकाळी मैदान मुलांचं असतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या मोकळ्या रस्त्यांवर सायकली फिरवणारी, क्रिकेट खेळणारी बहुतेक मुलंच. सातवीनंतर मुलीचं बाहेर खेळणं हळूहळू थांबतं, कुणी मुद्दाम थांबवलं नाही तरी थांबतं. हे बदललं पाहिजे, त्याबद्दल पुन्हा कधी बोलू. पण हा खेळ घरातल्या खोलीत, सतरंजीवर खेळता येतो, आणि त्यात मुलगी पहिलवान होते, नाव हाकते, गावाचा निकाल लावते. खेळ चालवण्याचं काम मुली फार चांगलं करतात असा माझा अनुभव आहे, त्या सगळ्यांना बोलायची पाळी देतात. तुमच्या लेकीनं हे पुस्तक मागितलं आणि त्याच महिन्यात मुलाला बॅट हवी असेल, तर बॅट हा खर्च आणि पुस्तक हे लाड असं धरू नका.

गोष्टीत कधी भीतीदायक, कधी मारामारीचं येतं. कुणाला ते सोसत नाही. त्यासाठी या खेळातल्या लोकांनीच एक सोय काढली आहे, जॉन स्टावरोपोलोस यांनी सुचवलेलं ‘एक्स कार्ड’. कागदावर मोठी फुली काढून मधोमध ठेवायची. जे ऐकवत नाही ते आलं की कुणीही त्या कागदाला हात लावायचा. गोष्ट तिथून वळते आणि का म्हणून कुणी विचारायचं नाही. याला पैसे लागत नाहीत. आपल्या घरात पहिल्या दिवसापासून तो कागद ठेवा.

आता तुमच्याकडून मला काय हवंय ते सांगते. लेकरानं पुस्तक मागितलं की त्याच्याकडून हिशेब मागा. कोण कोण खेळणार, कुणाच्या घरी, कुठल्या वारी, किती वाजता सुटणार, फुकटचे नियम वाचून झाले का, पुस्तकात त्याहून जास्त काय आहे. हे सगळं एका कागदावर लिहून आणायला सांगा. जे लेकरू लिहून आणेल त्याला खेळ खरोखर हवाय. जे आणणार नाही त्याचं वेड आठवड्यात उतरेल. आणि पहिल्या रविवारी खोली रिकामी करून द्या, टीव्ही बंद ठेवा, चिवडा-चहाचं बघा, आणि एक तास तुम्हीही त्यांच्यात बसा. नियम येत नसले तरी चालतं, मुलं सांगतात. बाप वाटाड्या झालाय आणि चौदा वर्षांचं लेकरू त्याला विचारतंय, बाबा, आता काय करता? हा प्रश्न घरात एरवी नेहमी उलट्या दिशेनं जातो.

शेवटी एक विनंती. हे पुस्तक पाच घरांनी मिळून घेण्याऐवजी गावानं का घेऊ नये? परभणीत गणेश वाचनालय आहे, तालुक्यांच्या गावी सार्वजनिक वाचनालयं आहेत. वाचकांनी मागणी केली तर पुस्तक खरेदीच्या यादीत ते घालता येतं, आणि हे रीतसर छापील पुस्तकच आहे. एक प्रत, एक फाशांचा संच आणि रविवारी दुपारी वाचन कक्षातलं एक टेबल एवढं मिळालं, तर नऊशे रुपये ज्यांच्याकडं नाहीत त्या लेकरांनाही तिथं बसता येईल. आपल्या गावच्या ग्रंथपालांकडं दहा पालकांच्या सह्यांचा अर्ज द्या. परभणीतल्या अर्जावर पहिली सही मी करते.